ब्याऐंशी अंशांचा नाकेदार

वर्धा नदीच्या खोऱ्यातील ज्या भूभागात पृथ्वीने आपल्या उदरात दगडी कोळसाही साठविला आणि चुनखडीही साठविली, त्या भूभागात, निर्गुडेच्या काठी, वणी हे गाव वसलेले आहे. लोकनायक बापूजी अणे ह्यांचे जन्मग्राम म्हणून जुन्या पिढीला आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचे ठाणे म्हणून नव्या पिढीला ते परिचित आहे. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो, उकणी, निलजई, कोलारपिंपरी ह्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काळी धूळ दिवसभर तरंगत असते, आणि दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. अशा गावी जुनी पिकअप गाडी बाळगणाऱ्या माणसाला, इंजिनातील पाणी एका विशिष्ट मर्यादेखाली थंड होऊ नये अशी तजवीज करणारा एक भाग कारखान्याने तिच्यात मुद्दाम बसविलेला आहे, असे सांगितले, तर तो सांगणाऱ्याच्या शुद्धीविषयी शंका घेईल, आणि ती शंका सर्वस्वी अनाठायी आहे असेही म्हणवत नाही.

ह्या शंकेचे प्रत्यक्ष रूप पाहावयाचे असेल तर गावातील एखाद्या जुन्या गॅरेजात अर्धा तास बसावे. गाडी ‘हीट मारते’ अशी तक्रार घेऊन कोणी आला, की मिस्त्री इंजिनाच्या माथ्यावरील एक लहानसे झाकण उघडतो, आतून पितळी बुडाची एक चकती बाहेर काढतो, ती अंगठ्याने दाबून पाहतो, आणि ‘भाऊ, आपल्या इकडं काहाले पायजे हा वॉल?’ असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, तिची रवानगी भंगाराच्या डब्यात करतो. झाकण पुन्हा बसते, काटा काही दिवस खाली राहतो, आणि हा उपाय रामबाण असल्याची वार्ता एका गाडीवाल्याकडून दुसऱ्याकडे जाते. त्या चकतीचे नाव थर्मोस्टॅट. मिस्त्रीचा अनुभव खरा आहे, ह्यात संशय नाही. त्या अनुभवावरून त्याने काढलेले अनुमान मात्र चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे समजून घेतले म्हणजे जुन्या इंजिनाचा निम्मा स्वभाव आपोआप समजतो. म्हणून ह्या प्रकरणात त्या टाकून दिलेल्या वॉलचे वकीलपत्र घेण्याचे मी ठरविले आहे.

आपल्याकडील जुन्या पिकअप गाड्यांचा वंश फार लांबचा नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे त्याच जीपच्या पाठीवर माल वाहण्याचा हौदा चढला. ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यातून प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याची डिझेल इंजिने निघू लागली, तेव्हा पेट्रोलच्या खर्चाने टेकीस आलेल्या ग्रामीण मालकांनी त्यांचे स्वागत केले. १९८८ मध्ये टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून टाटामोबाइल बाहेर पडली, आणि तिच्याच घराण्यातील ‘दोनशेसात’ कापसाच्या बोंद्र्यांपासून मोटारपंपापर्यंत सर्व काही वाहताना विदर्भाच्या रस्त्यांवर अद्याप दिसते. ह्या इंजिनांत संगणक नाही, संवेदकांच्या तारांचे जाळे नाही; जे काही नियंत्रण आहे ते स्प्रिंग, झडप, पट्टा आणि मेण ह्यांच्या आधारे चालते. त्यामुळे हाती चार पाने असलेल्या, आणि घाई नसलेल्या कोणत्याही माणसाला त्यांची दुरुस्ती घरच्या अंगणात करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डिझेलच्या ज्वलनाने जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या कामात परिणत होते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. सिलिंडरमधील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंशांच्या घरात जात असल्यामुळे हे पाणी नसते तर वंगण जळून गेले असते आणि पिस्टन सिलिंडरात अडकून बसला असता. तेव्हा पाण्याने उष्णता वाहून न्यावी हे उघड आहे. परंतु ती किती न्यावी, ह्या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही, आणि ह्याचे एक कारण, माझ्या समजुतीने, आपल्या विहिरींवर सापडते. ज्या पिढीच्या मिस्त्र्यांनी आजच्या मिस्त्र्यांना घडविले, ती पिढी शेतावरील तेलइंजिनांवर शिकली. १९४६ साली पुण्यास खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सने आणि तिच्या स्पर्धकांनी ही इंजिने गावोगावी नेली, आणि पुष्कळ ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक धार इंजिनाच्या पोटातून फिरवून पाटात सोडून दिलेली असे. विहिरीचे गार पाणी अखंड वाहत आहे, इंजिन टकटक चालू आहे, आणि काही बिघडत नाही, हे दृश्य ज्याने बालपणापासून पाहिले, त्याने ‘पाणी जितके गार तितके इंजिन सुखी’ असा सिद्धान्त मनाशी बांधला तर त्यास दोष कसा द्यावा?

तरीही तो सिद्धान्त टिकत नाही. थंड सिलिंडरात फवारलेले डिझेल पुरते जळत नाही. न जळलेला अंश भिंतींवरून ओघळून खालच्या वंगणात मिसळतो आणि त्याला पातळ करतो. ज्वलनातून पाण्याची वाफ निघतेच. भिंत गरम असेल तर ती धुराबरोबर निघून जाते, भिंत थंड असेल तर तिच्यावर दंव धरते, आणि इंधनातील गंधकाच्या ज्वलनातून झालेले वायू ह्या दवात विरघळले की गंधकाम्ल तयार होऊन सिलिंडरचे आणि पिस्टनच्या रिंगांचे लोखंड हळूहळू खाल्ले जाते. एके काळी आपल्या देशातील डिझेलमध्ये शेकडा एकपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून ते प्रमाण दशलक्षात १० भागांवर आले असल्याने आम्लाचा हा धोका पुष्कळ कमी झाला आहे, परंतु ज्या इंजिनांनी आपली पहिली वीस वर्षे त्या जुन्या डिझेलवर काढली त्यांच्या अंगावर त्याच्या खुणा आहेतच, आणि वंगण पातळ होण्याचा व धूर वाढण्याचा दोष तर आजही तसाच आहे. विदर्भाचा उन्हाळा जगजाहीर आहे म्हणून त्याचा हिवाळा विसरू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, आणि भाजीचे क्रेट घेऊन सूर्योदयापूर्वी निघालेली वॉल नसलेली गाडी मारेगाव येईपर्यंत कोमट होते, एवढेच.

थर्मोस्टॅटचे काम ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. इंजिन आणि रेडिएटर ह्यांच्यामधील वाटेवर तो एखाद्या नाकेदाराप्रमाणे बसलेला असतो. त्याला मिळालेला हुकूम एकच, की पाणी ८२ अंशांचे झाल्याशिवाय नाका उघडावयाचा नाही. तोपर्यंत पाणी एका लहान आडवाटेने, ज्याला बायपास म्हणतात, इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते आणि लवकर तापते. ८२ अंशांना झडप किंचित उचलली जाते, ९५ अंशांच्या सुमारास ती पुरी उघडते, आणि ह्या दोन मर्यादांच्या दरम्यान ती कधी थोडी पुढे, कधी थोडी मागे सरकून, चढावर, उतारावर, गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचे तापमान एका अरुंद पट्ट्यात ठेवते. हा आकडा चकतीच्या काठावर किंवा बुडावर कोरलेला असतो; कोणत्या इंजिनाला कोणता अंक लागतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, काहींना ७१ अंशांचा लागतो, काहींना ८८ चा, पण आपल्या जुन्या डिझेल गाड्यांत ८२ हा अंक फार वेळा भेटतो.

हा हुकूम अंमलात आणणारे यंत्र इतके साधे आहे की त्याचे कौतुक करण्यासाठी थोडे थांबले पाहिजे. पितळेच्या एका लहान कुपीत मेण भरलेले असते, आणि उष्णता त्याच्या अंतर्भागी लवकर पोहोचावी म्हणून पुष्कळदा त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मेणाच्या मध्यभागी रबराचे एक आवरण आणि त्या आवरणात पोलादाची एक गुळगुळीत शलाका. मेण घन अवस्थेतून द्रव होताना त्याचे आकारमान शेकडा दहा-पंधरांनी वाढते. कुपीच्या भिंती त्याला बाहेर सरकू देत नाहीत, म्हणून ते रबराला आवळते, रबर शलाकेला बाहेर ढकलते, आणि शलाकेचे वरचे टोक चौकटीला टेकलेले असल्यामुळे कुपीच खाली सरकून झडप उघडते. पाणी निवले की मेण थिजते आणि स्प्रिंग झडपेला पूर्वस्थानी आणते. मेणाचे मिश्रण बदलून ते कोणत्या अंशावर वितळावे हे ठरविता येते. सारी अक्कल त्या मिश्रणात साठविलेली आहे.

उष्णतेनेच उष्णतेवर पहारा ठेवण्याची कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी. सतराव्या शतकाच्या आरंभी कोर्नेलिस द्रेबेल ह्या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीत, द्रवाच्या प्रसरणाने धुराड्याचे झाकण हलवून, तापमान स्थिर राखण्याची युक्ती केली होती. १८३० साली अँड्र्यू युर ह्या स्कॉटिश रसायनज्ञाने दोन भिन्न धातूंच्या जोडपट्टीचे तापनियंत्रक सिद्ध केले. मोटारी मात्र बराच काळ ह्या शहाणपणावाचून धावल्या. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते, ह्या निसर्गनियमावरच तिचे अभिसरण अवलंबून असे. नंतर जे थर्मोस्टॅट आले त्यांत धातूची एक पन्हाळीदार डबी असे आणि तिच्यात लवकर उकळणारा द्रव. आणि १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट ह्यांनी मेणाची कुपी प्रचारात आणली. ह्या दोहोंतील एक भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुनी डबी फुटली तर ती पसरून झडप उघडी राही, गाडी थंड चाले, पण घरी पोहोचे. मेणाची कुपी झिरपून रिकामी झाली तर स्प्रिंगला अडविणारे कोणी उरत नाही आणि झडप बंदच राहते. म्हणजे आजचा नाकेदार मरतो तो बहुधा नाका बंद करून मरतो, आणि मग इंजिनाची जी अवस्था होते तिच्यातूनच त्याची सारी बदनामी जन्मास आली आहे.

वणीच्या मे महिन्यातील दुपारचा हिशेब आता मांडून पाहू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे त्यातील पाणी आणि बाहेरची हवा ह्यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात ठरते. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांची आणि पाणी ९० अंशांचे असेल तर हे अंतर ७८ अंशांचे पडते. मे महिन्यात हवा ४६ अंशांची झाली की तेच अंतर ४४ वर येते, आणि तोच रेडिएटर, तोच पंखा असूनही त्याचे सामर्थ्य जवळजवळ निम्म्यावर उतरते. आता कोणी हट्ट धरला की माझ्या इंजिनाचे पाणी ६५ अंशांच्या वर जाऊ नये, तर त्या दुपारी अंतर उरले केवळ १९ अंशांचे, आणि एवढ्या अंतरावर सारी उष्णता बाहेर टाकावयाची तर आहे त्याच्या दुपटीहून मोठा रेडिएटर गाडीच्या नाकाडावर लादावा लागेल. देश जितका उष्ण तितके इंजिनातील पाणी अधिक तापू देणे भाग आहे, हा निष्कर्ष विचित्र वाटला तरी त्यातून सुटका नाही.

भर दुपारी, भरल्या गाडीने चढ चढताना पाणी ९५ अंशांच्या पुढे गेलेले असते, आणि तेव्हा निरोगी थर्मोस्टॅट पुरता उघडलेला असतो. म्हणजे ज्या प्रसंगाच्या भीतीने तो काढून टाकतात त्या प्रसंगी तो वाटेत नसतोच. मग मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाचा काटा खाली कसा आला? त्याचा वॉल बंद अवस्थेत अडकलेला होता म्हणून. अडकलेला नाकेदार हाकलल्याने वाट मोकळी झाली. नवा, धडधाकट नाकेदार बसविला असता तरी ती तितकीच मोकळी झाली असती, आणि काही शे रुपयांच्या खर्चात हिवाळ्यातील पहाटेचीही सोय झाली असती.

उलट, काढून टाकण्यात एक गुप्त धोका आहे. काही इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या अंगास आणखी एक चकती असते. वरची झडप उघडत जाते तसतशी ही खालची चकती बायपासचे भोक बंद करीत जाते, जेणेकरून तापलेले सर्व पाणी रेडिएटरकडेच जावे. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरचे दर्शनही न घेता पुन्हा इंजिनात शिरतो, आणि सपाट रस्त्यावर थंड वाटणारी गाडी घाट लागताच उकळू लागते. त्या वेळी मालक पंप बदलतो, पंखा बदलतो, रेडिएटर धुऊन घेतो, आणि जी वस्तू स्वतःच्या हाताने भंगारात टाकली तिचा विचार त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही.

ह्या भागातील थर्मोस्टॅट इतके का अडकतात, ह्याचे उत्तर जमिनीत आहे. वणीच्या आसपास आणि पैनगंगेच्या दिशेने चुनखडीचे प्राचीन थर पसरलेले आहेत; भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना पैनगंगा समूह म्हणून ओळखतात, आणि पंचक्रोशीतील सिमेंटचे कारखाने त्यांच्याच जिवावर उभे आहेत. ह्या थरांतून झिरपून बोअरवेलमध्ये आलेले पाणी कॅल्शियम बायकार्बोनेट बरोबर घेऊन येते. पाणी तापले की त्याचे विघटन होऊन न विरघळणारा कार्बोनेट तळाशी आणि भिंतींवर बसतो. घरातील पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर दिसतो तोच इंजिनात, जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथे, म्हणजे हेडमधील झडपांच्या भोवती आणि थर्मोस्टॅटच्या शलाकेवर, साचतो. लोखंडाच्या मानाने हा थर उष्णतेचा फारच मंद वाहक असल्याने पातळ असूनही तो हेडला भाजून काढतो, आणि गंजाच्या तांबड्या गाळाची त्यात भर पडली की झडप जेथल्या तेथे चिकटते. रेडिएटरात हापशाचे पाणी ओतणारा मनुष्य स्वतःच्या इंजिनात चुनखडीचा एक नवा थर घालीत असतो, आणि भूगर्भाला ज्या कामास युगे लागली ते तो दोन-तीन उन्हाळ्यांत उरकतो.

निदान करण्यास हात आणि थोडा संयम पुरतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि रेडिएटरच्या वरच्या होस पाइपवर, पंख्यापासून दूर राहून, हात ठेवावा. थर्मोस्टॅट निरोगी असेल तर काही मिनिटे पाइप थंड राहतो, आणि नंतर अल्पावधीतच चटका बसण्याइतका गरम होतो. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकला आहे किंवा कोणी तो आधीच काढलेला आहे. आणि काटा वर चढला, इंजिनाला गरम लोखंडाचा वास येऊ लागला, तरी पाइप थंडच राहिला, तर वॉल बंद अडकला आहे, अथवा पाणीच नाही. ह्या शेवटच्या शक्यतेत काट्यावर विश्वास ठेवू नये. त्याची संवेदक पिन पाण्यात बुडालेली असेल तरच तो खरे सांगतो, आणि पाणी तिच्याखाली गेले की आगीत असलेले इंजिनही तो थंड म्हणून दाखवितो.

कामाला हात घालण्यापूर्वी एकच नियम अपवादरहित आहे, की इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नसते, ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते, आणि गरम अवस्थेत ते उघडले की दाब एकाएकी नाहीसा होऊन त्या पाण्याचा काही अंश तत्क्षणी वाफ होऊन तोंडावर येतो. फडके गुंडाळून झाकण उघडणारे शूर लोक प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्या हातांवरील डागही आहेत.

आदल्या संध्याकाळी थर्मोस्टॅटवरील झाकणाच्या बोल्टांच्या मुळाशी गंज सोडविणारे तेल, आणि ते नसेल तर थोडे डिझेल, सोडून ठेवावे. सकाळी खालच्या ड्रेन कॉकमधून तीन-चार लिटर पाणी स्वच्छ टबात काढावे, म्हणजे पातळी थर्मोस्टॅटच्या खाली उतरते. पाण्यात कुलंट असेल तर ते अंगणात कदापि सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात विष असते, आणि कुत्री व वासरे त्याला भुलतात. होस पाइप वर्षानुवर्षे चिकटलेला असल्यास स्क्रूड्रायव्हर खुपसून उपटू नये, क्लिप सैल करून तो हाताने जागच्या जागी फिरवावा, मग सुटतो. त्यानंतर झाकणाचे बोल्ट. बहुधा दोन, कधी तीन, आणि बहुधा १३ च्या पान्याचे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीतील सारी परीक्षा ह्या दोन बोल्टांत असते, कारण पाण्याच्या सान्निध्यात ते गंजून आतल्या आट्यांशी एकजीव झालेले असतात, आणि जोर लावला की माथा हातात आणि धड इंजिनात अशी अवस्था होऊन काही मिनिटांचे काम दिवसभराचे होते. रिंग पाना घ्यावा, माथ्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावे, सोडण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहावे, आणि बोल्ट हलला की एकदम न काढता पुढे-मागे करीत काढावा.

झाकण निघाल्यावर जुना वॉल कोणत्या दिशेने बसला होता हे नीट पाहून ठेवावे. मेणाची कुपी आणि मोठी स्प्रिंग नेहमी इंजिनाच्या बाजूस असते, कारण ज्या पाण्याचे तापमान मोजावयाचे ते तेथे आहे. उलटा बसविलेला वॉल रेडिएटरकडील थंड पाण्यात डोके घालून बसतो आणि इंजिन उकळले तरी उघडत नाही. भोकात स्वच्छ चिंधी कोंबून, मगच जुने पॅकिंग खरवडावे, म्हणजे कपचे आत पडून रेडिएटरच्या नळ्यांत अडकणार नाहीत. झाकणाचा काठ गंजाने खाल्लेला असल्यास जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो गोल गोल घासावा.

नवा वॉल बसविण्यापूर्वी त्याची परीक्षा घेण्यास कंटाळू नये. नव्या वस्तूतही नासके नग निघतात. झडप बोटांनी किंचित उघडून तिच्या फटीत दोरा धरावा आणि त्या दोऱ्याने वॉल पातेल्यातील पाण्यात, बुडाला टेकणार नाही असा, लोंबकळत ठेवावा. शेजारी तापमापक असावा. पाणी तापत जाऊन झडप उघडली की दोरा सुटतो आणि वॉल खाली पडतो, त्या क्षणी वाचलेला अंक कोरलेल्या अंकाच्या दोन-तीन अंशांत असला म्हणजे माल खरा. पाणी उकळू लागेपर्यंत झडप आठ-दहा मिलिमीटर उघडली पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा घट्ट मिटली पाहिजे.

तयार पॅकिंग मिळाले नाही तर जुन्या मिस्त्र्यांची पद्धत अनुसरावी, आणि खरे सांगावयाचे तर ती पाहण्यासारखी आहे. पॅकिंगचा कागद झाकणाच्या तोंडावर ठेवतात, बोल्टांच्या भोकांवर प्रथम ठोकून तेथे बोल्ट अडकवितात, म्हणजे कागद सरकत नाही, आणि मग लहान हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने टकटक करीत जातात. धातूची धार खालून कागद कापीत येते आणि कात्री न लावता झाकणाची हुबेहूब प्रतिकृती हाती पडते. वॉल आपल्या खाचेत पुरता बसला आहे ह्याची बोटाने खात्री करावी, कारण तो तिरपा राहून वर झाकण आवळले तर झाकणाचा कान तुटतो. चकतीवर एक बारीक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन असेल तर ती सर्वांत वर यावी, तिच्यातून कोंडलेली हवा निसटते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, आणि मनगटाच्या जोरानेच आवळावे.

भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट ह्यांचे मिश्रण घ्यावे. वणीत पाणी कधी गोठत नाही म्हणून कुलंट नको, हा युक्तिवाद ऐकू येतो, परंतु येथे त्याचे प्रयोजन गंज रोखणे आणि उत्कलनांक वाढविणे हे आहे. गाडीचे नाक किंचित चढावर ठेवून, रेडिएटरचे झाकण उघडे टाकून, सावकाश भरावे, इंजिन मंद गतीने चालू द्यावे, वरचा पाइप तापला की हवेचे बुडबुडे येऊन पातळी एकदम उतरते, तेव्हा पुन्हा भरून मग झाकण लावावे. पहिल्या फेरीनंतर, इंजिन निवल्यावर, पातळी आणि बोल्टांची पकड एकदा तपासावी.

एवढे करूनही काटा वर जात असेल तर रेडिएटरच्या जाळीत कोळशाची धूळ आणि तेल ह्यांचे किटण साचले आहे का, फॅन बेल्ट सैल आहे का, हे पाहावे. जाळी आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाण्याने धुवावी. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, वंगणाला दुधासारखा पांढुरका रंग आला असेल, किंवा थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दाबाने फुगत असेल, तर हेडचे पॅकिंग उडाले आहे असे समजावे, आणि त्या मोठ्या दुरुस्तीचा विचार पुढील प्रकरणात करू.